थोरांचे म्हातारपण आणि आपले



वसंत ऋतूत गावोगाव व्याख्याने भरविण्याची चाल न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली, आणि तिचीच एक फांदी आपल्या या हिंगोलीच्या मांडवापर्यंत पोहोचली आहे. रानड्यांचे नाव प्रथम घेतो ते उपचार म्हणून नव्हे. आजचा विषय उतारवयातील प्रकृतीचा आहे, आणि ज्या पुरुषाने हा ज्ञानाचा उत्सव सुरू केला तो स्वतः एकोणसाठ वर्षे पुरी व्हायला दोन दिवस कमी असतानाच गेला. ही गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. कारण थोरामोठ्यांच्या दीर्घायुष्यावर बोलू लागले म्हणजे वक्त्याची जीभ सैल सुटते आणि जो जगला तो पुण्यवान, जो लवकर गेला त्याचे काहीतरी चुकलेच असणार, असा एक सूर नकळत लागतो. तो सूर आज लागू द्यायचा नाही, असे ठरवून आलो आहे.

आपल्या मातीतलेच एक उदाहरण घेतो. आपल्या जिल्ह्यात पुरजळ नावाचे गाव आहे. १८६७ साली ते निजामाच्या राज्यात होते. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १९९९ च्या महाराष्ट्रदिनी झाला, त्यापूर्वी आपण परभणीचे. त्या साली त्या गावी केशवराव कोरटकरांचा जन्म झाला. पुढे ते वकील झाले, गुलबर्ग्यास व हैदराबादेस नावारूपाला आले, हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्या संस्थानात मराठी मुलांना मराठीतून शिकता यावे म्हणून ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्यांत त्यांचे नाव अगदी वर आहे. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी या दोन्ही शाळांच्या उभारणीत त्यांचा हात होता, आणि हैदराबादच्या आर्यसमाजाचे ते आधारस्तंभ होते.

त्याच १८६७ साली, सप्टेंबर महिन्यात, सावंतवाडी संस्थानातील कोलगावी श्रीपाद दामोदर सातवळेकर जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पोटापाण्यासाठी हैदराबादेस येऊन राहिले. दिवसा धनिकांची व्यक्तिचित्रे रंगवायची आणि उरलेला वेळ वेदाध्ययनात व आर्यसमाजाच्या कामात घालवायचा, असा त्यांचा क्रम होता. म्हणजे एकाच वर्षी जन्मलेले दोन मराठी पुरुष, एकाच शहरात, एकाच वर्तुळात काम करीत होते. दोघेही कष्टाळू, दोघेही निर्व्यसनी वृत्तीचे, दोघांच्याही डोक्यात समाजाचा विचार. त्यांतले कोरटकर १९३२ साली पासष्टीच्या सुमारास निवर्तले. सातवळेकर त्यानंतर आणखी छत्तीस वर्षे जगले. ३१ जुलै १९६८ रोजी ते गेले तेव्हा त्यांना एकशे एकावे वर्ष चालू होते.

आता या दोघांत श्रेष्ठ कोण, असे कोणी विचारले तर आपण त्याला वेड्यात काढू. पण दीर्घायुष्याची पुस्तके लिहिणारे नेमके तेच करतात. शंभरी गाठलेल्यांना गाठून ते विचारतात, आपण काय खात होता, किती वाजता उठत होता? आणि तसेच खाणारे, तसेच पहाटे उठणारे जे पन्नाशीत गेले त्यांना विचारण्याची सोय नसते. मंडळी, ही हिशेबातली मोठीच चूक आहे. पुण्याच्या ज्या फर्ग्युसन कॉलेजातून आजच्या व्याख्यानाचे मुख्य पात्र मी आणणार आहे, त्याच कॉलेजचे आगरकर एकोणचाळीस पुरी होण्याआधीच गेले. त्यांच्यामागे दम्याचा विकार होता. गोखले अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांना मधुमेह होता. तोच विकार टिळकांनाही होता. त्या टिळकांनी तर कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला सारून केवळ शरीर कमावण्यात घातले होते, तरी त्यांना चौसष्टच वर्षे मिळाली. त्यातली सहा मंडालेच्या तुरुंगात गेली, हेही हिशेबात धरायला हवे.

मग थोरांच्या आयुष्यांकडून शिकण्यासारखे काही नाहीच का? आहे. वर्षांची संख्या शिकता येत नाही, ती लाभावी लागते. पण मिळालेली वर्षे त्यांनी कशी वापरली, विशेषतः साठीनंतर पाय कशासाठी उचलले, हे मात्र पाहता येते आणि थोडेफार उचलताही येते.

ते मुख्य पात्र म्हणजे धोंडो केशव कर्वे. १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवलीस जन्म, ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास मृत्यू. एकशे चार वर्षे आणि वर सहा महिने. अण्णा हे काही पैलवान नव्हते. अंगाने किडकिडीत, उंचीने बेताचे, बोलण्यात भिडस्त. त्यांच्या देहयष्टीची एक हकीकत प्रसिद्ध आहे आणि मला ती फार आवडते. शाळेची सरकारी परीक्षा द्यायला ते मुरुडहून सोबत्यांबरोबर साताऱ्यास पायी निघाले. पावसाळ्याचे दिवस, वाट कुंभार्ली घाटाची, अंतर शंभराहून अधिक मैल. चार दिवसांत ते साताऱ्यास पोहोचले. परीक्षेला बसायला सतरा वर्षे पुरी हवी होती आणि ती पुरी होती, दाखलाही जवळ होता. पण परीक्षकांनी पोराकडे नजर टाकली आणि हा काही सतराचा दिसत नाही म्हणून त्याला परत लावून दिले. ज्या देहाने चार दिवसांत सह्याद्री ओलांडला तोच देह साहेबाच्या डोळ्यांत भरला नाही! प्रकृती दिसण्यावर नसते हे सांगायला याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

पुढे १८९१ साली ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले, १८९३ साली विधवाविवाह केला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. हिंगणे तेव्हा पुण्याच्या बाहेर, रस्ता धड नव्हता. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी चिखल तुडवीत आश्रमात जायचे, तिथल्या मुलींची विचारपूस करायची, शिकवायचे, हवे-नको ते सामान पोहोचवायचे आणि पुन्हा शहराची वाट धरायची. वयाच्या चाळिशीपलीकडचा माणूस वर्षानुवर्षे हे करीत होता. याला व्यायाम असे नाव त्यांनी दिले नसावे. टांग्याला पैसे लागतात आणि ते पैसे आश्रमाला हवेत, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

पण माझा खरा रोख पुढच्या भागावर आहे. १९१४ साली ते कॉलेजातून निवृत्त झाले. आपल्याकडे निवृत्त माणसाची एक ठरलेली मूर्ती आहे: ओसरीवर खुर्ची, हातात वर्तमानपत्र, आणि घरातल्यांनी पाणी कधी तापवावे याविषयी सूचना. (सभागृहात काही भगिनी हसत आहेत, तेव्हा मूर्ती बरोबर उतरली असावी.) अण्णांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९१६ साली, स्त्रियांचे विद्यापीठ काढले. मार्च १९२९ मध्ये, एकाहत्तरावे वर्ष सरत आले असताना, त्यासाठी ते परदेशी निघाले. इंग्लंड, डेन्मार्कमधील शिक्षणपरिषद, बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट, मग अमेरिका, मग जपान. तेरा महिन्यांनी परत. आणि परत येऊन वर्ष उलटते न उलटते तोच पुन्हा आफ्रिकेला: केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, दक्षिण आफ्रिका. तेथील हिंदी वसाहतींत विद्यापीठासाठी वर्गणी मागत ते हिंडले. हे बोटींचे दिवस होते, हे लक्षात घ्या.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत सरकारी किंवा लोकल बोर्डाची शाळा नाही तेथे शाळा काढायच्या, असा हेतू. पैसा कोठून आणायचा? हे म्हातारे गृहस्थ हातात वही घेऊन पुण्यात दारोदार फिरू लागले आणि लहानसहान वर्गण्या गोळा करू लागले. मोठ्या देणगीदाराला एक पत्र लिहिले असते तर कदाचित काम झालेही असते. पण जिने चढायचे, कोणी घरी नसले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे, हे त्यांनी पत्करले. आणि शहाऐंशीव्या वर्षी, १९४४ साली, जातिभेद मोडावा म्हणून समता संघ स्थापन केला. यांतले प्रत्येक काम यशस्वी झाले असे नाही. समता संघाचा विस्तार फारसा झाला नाही, हे मान्य केले पाहिजे. मला त्यातून दिसते ते एवढेच की दर सात-आठ वर्षांनी या पुरुषाने स्वतःसाठी एक असे नवे काम शोधून काढले, की जे बसून होण्यासारखे नव्हते.

अण्णांच्या मेव्हणीचेही नाव येथे घेतले पाहिजे, नाहीतर हा सगळा पुरुषांचाच फड होईल. पार्वतीबाई आठवले विशीत विधवा झाल्या. त्यानंतर अक्षरओळख, आश्रमाचे काम, वर्गणीसाठी गावोगाव फिरणे. आणि जवळजवळ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९१८ साली, इंग्रजी धड येत नसताना ही बाई एकटी अमेरिकेस गेली. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून भाषा शिकली आणि १९२० साली परत आली. आजही आपल्या गावात अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला, आता या वयात कशाला, असे म्हणणारे दहा भेटतील. त्यांना हे नाव सांगावे.

आता दुसऱ्या तऱ्हेचा मनुष्य. औंधचे राजेसाहेब, भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आपल्या औंढा नागनाथाशी घोटाळा करू नका. हे औंध साताऱ्याकडचे, तेव्हाचे एक लहानसे संस्थान. जन्म १८६८, मृत्यू १९५१. तरुणपणी या राजेसाहेबांनी युरोपातील प्रसिद्ध मल्ल सँडो याच्या पद्धतीचा व्यायाम अनेक वर्षे केला. चाळिशीच्या सुमारास तो सोडून सूर्यनमस्कार धरले, मिरजकरांच्या सल्ल्याने, आणि मग अखेरपर्यंत सोडले नाहीत. ते स्वतः घालीत, राणीसाहेब घालीत, मुले घालीत, संस्थानच्या शाळांतून सक्तीने घातले जात. १९३६ साली ते विलायतेस गेले तेव्हा साठी उलटलेला हा तजेलदार राजा पाहून लंडनच्या वृत्तपत्राने त्यांच्या नमस्कारांवर लेख छापले, आणि त्यांतूनच १९३८ साली 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे इंग्रजी पुस्तक निघाले. आज जगभर जे सूर्यनमस्कार घातले जातात त्यांच्या प्रसारात या लहानशा संस्थानाचा वाटा फार मोठा आहे.

राजाला वेळ होता, नोकरचाकर होते, अंगाला तेल लावायला माणूस होता, त्याचे काय सांगता, असे कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे. पण या राजाने सत्तराव्या वर्षी, १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना दिली आणि स्वतःची सत्ता आपण होऊन उतरवून ठेवली. शरीर लवचीक ठेवणारे पुष्कळ आढळतात. सत्तरीत मूठ सैल करणारे फार थोडे. आपापल्या घराच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत हे ज्याचे त्याने पाहावे.

नमस्कारांविषयी एक कबुलीजबाब द्यायचा आहे. साठाव्या वर्षी औंधकरांविषयी वाचून माझ्या अंगात असे काही वारे शिरले की पहिल्याच दिवशी मी पन्नास नमस्कार घातले. दुसऱ्या दिवशी उठता येईना. पंधरा दिवस पाठ धरून पडलो, आणि घरच्यांनी जे काही ऐकविले ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. थोरांचे अनुकरण कसे करू नये याचा मी चालताबोलता नमुना आहे. राजेसाहेबांचा आकडा मी उचलला. त्या आकड्यामागची वर्षे उचलायची राहिली. चार नमस्कारांनी आरंभ करून महिन्याने सहा, असे चढत गेलो असतो तर आज तुम्हांला वेगळे व्याख्यान देता आले असते. ज्यांना रक्तदाबाचा, काचबिंदूचा किंवा मणक्याचा त्रास आहे त्यांनी तर डोके खाली नेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

याच औंधात आपले सातवळेकर पुन्हा भेटतात. हैदराबाद सुटले. मग हरिद्वारजवळचे गुरुकुल, लाहोर, आणि मध्येच एका वैदिक विषयावरील लेखाबद्दल कोल्हापुरास राजद्रोहाचा खटला, अशी वळणे घेत ते १९१८ साली औंधास आले. तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापन केले. वेदांच्या संहिता शुद्ध करून छापणे, भाषांतरे करणे, 'पुरुषार्थ' मासिक चालविणे, आसने व सूर्यनमस्कार यांवर पुस्तके लिहिणे असे तीस वर्षे चालले. त्यांची विद्या मान्य असो वा नसो, त्यांचे काही निष्कर्ष आजच्या अभ्यासकांना पटत नाहीत, पण कामाचा झपाटा नाकारता येत नाही. मग १९४८ साल आले. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा भागात दंगली उसळल्या, आणि त्या वर्षी सातवळेकरांनी औंध सोडले. वय ऐंशी पुरे. तीस वर्षांचा संसार, मंडळाचे ग्रंथ, छपाईचे काम, सारे उचलून ते गुजरातेत पारडी येथे गेले.

येथे मी थोडा थांबतो. ऐंशीव्या वर्षी घर हलवावे लागणे म्हणजे काय, हे या सभागृहातील काही वडीलधाऱ्यांना माहीत असेल. मराठवाड्याने रझाकारांच्या काळात, त्याच १९४८ सालात, गावे सोडून निघालेली माणसे पाहिली आहेत. त्या वयात मुळे उपटली की बहुतेक झाडे वाळतात. सातवळेकरांनी पारडीस पुन्हा मंडळ मांडले आणि आणखी वीस वर्षे काम केले. १९६८ साली, म्हणजे अखेरच्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले. रोजची आसने होती, बेताचा आहार होता, हे सर्व होतेच. तरी मला असे वाटते की अर्धवट राहिलेली भाषांतरे ही त्यांची खरी काठी होती. हे माझे मत आहे. वैद्यकशास्त्राच्या माथी ते मारणार नाही.

वैद्यकशास्त्र काय म्हणते तेही थोडक्यात पाहू, कारण आज त्याच्याजवळ कर्व्यांच्या काळी नव्हती ती माहिती आहे. १९५३ साली डॉ. मॉरिस या संशोधकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील ड्रायव्हर व कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. पगार जवळजवळ सारखा, राहणी सारखी, गाडी तर एकच. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक, आणि तिकिटे फाडीत जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातील दहा जणांवर प्रयोग झाला, त्यांचे सरासरी वय नव्वद. आठ आठवडे त्यांच्याकडून मांड्यांचे स्नायू वजन उचलून कसून घेतले, तर पायांतील ताकद दुपटीहून अधिक वाढली. नव्वदीत! म्हणजे आता काय उरले आहे, हे वाक्य शास्त्राच्या दरबारात टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान दीडशे मिनिटे दमदार चालण्यासारखी हालचाल सांगते, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल व ताकद यांचा सराव. तोल हा शब्द अधोरेखित करावा. उतारवयात घात होतो तो पुष्कळदा न्हाणीघरातल्या एका घसरण्याने. खुब्याचे हाड मोडते, माणूस अंथरुणाला खिळतो, आणि पुढचे सर्व त्यामागून येते. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा अंक मोजणे, यासाठी तालीम लागत नाही.

ब्राझीलमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एक्कावन्न ते ऐंशी वयाच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसून उठायला सांगितले होते. हात, गुडघा न टेकता जे उठू शकले त्यांत पुढील काही वर्षांत मृत्यू कमी झाले. हे वाचून मला आपली जेवणाची पंगत आठवली. पाटावर मांडी घालून बसणे आणि पान आटोपल्यावर हाताचा आधार न घेता उठणे, ही परीक्षा आपली आजी दिवसातून दोनदा देत होती. आपण टेबल-खुर्ची घेतली आणि मग गुडघ्यांची तक्रार घेऊन दवाखान्यात बसलो. टेबल फेकून द्या असे मी म्हणत नाही, पण देहाची एक सवय घरातून निघून गेली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही, एवढे खरे.

आपल्या प्रदेशाला तर पायांचा वारसा फार जुना आहे. कयाधूच्या काठी नरसी हे नामदेवांचे गाव. त्यांचा जन्म येथे झाला की पंढरपुरास, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो वाद आपल्या अभिमानाने सुटणार नाही. परंपरा १२७० ते १३५० असे ऐंशी वर्षांचे आयुष्य सांगते. विसोबा खेचरांची भेट औंढ्याच्या देवळात झाली असेही तीच परंपरा सांगते. पण ज्ञानदेवांच्या समाधीनंतर नामदेव उत्तरेकडे गेले, पंजाबात घुमान येथे दीर्घकाळ राहिले आणि त्यांची एकसष्ट पदे शीखांच्या ग्रंथसाहेबात आहेत, ही गोष्ट परंपरेपुरती नाही, ती ग्रंथात दिसते. कोठे कयाधू आणि कोठे बियास! आणि गाडीरस्ता नसलेल्या काळात.

आजही आषाढीच्या आधी शेगावची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते तेव्हा दिंडीतली पिकली डोकी पाहावी. महिन्याभराची चाल. सत्तरीची म्हातारी तुळस डोक्यावर घेऊन अशी चालते की सोबतच्या मोटारसायकलवाल्याला लाज वाटावी. तिला कोणी आरोग्याचा उपदेश केलेला नसतो. बरोबर चालणाऱ्या चार बाया असतात, आणि पुढच्या मुक्कामी पोचायचे असते.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर आजचे सर्व बोलणे खोटे ठरेल. व्यायाम करा, चाला, हा उपदेश या सभागृहातील आपल्यासारख्यांसाठी आहे. नोकरीतून, दुकानातून, खुर्चीवरून निवृत्त झालेल्यांसाठी. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला आनंद झाला. पण ती हळद वाकून खणणाऱ्या, कढईशी तापत उभ्या राहणाऱ्या साठीच्या मजूर बाईला दीडशे मिनिटे चालायला सांगणे ही क्रूर थट्टा होईल. तिच्या कंबरेला विश्रांती हवी, ताटात डाळ आणि दूध हवे, आणि वेळच्या वेळी औषध हवे. श्रम आणि व्यायाम हे एकच असते तर आपली खेडी शतायुषींनी भरून गेली असती. कर्वे चालले ते स्वतःच्या इच्छेने, स्वतः ठरवलेल्या वाटेवर. थकले तर थांबण्याची मुभा त्यांना होती. शेतमजुराला ती नसते.

आणखी एक आकडा सांगून मूळ गोष्टीकडे वळतो. १९५१ साली भारतात जन्मणाऱ्या बालकाचे सरासरी आयुर्मान सुमारे बत्तीस वर्षे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आले आहे. यातला मोठा वाटा लहान मुले जगू लागली याचा आहे, हे खरे. पण त्याचा परिणाम असा की कर्व्यांच्या पिढीत साठीपलीकडचा माणूस हा नवलाचा विषय होता, आज तो प्रत्येक घरात आहे, आणि त्याच्यापुढे पंधरा-वीस वर्षे मोकळी पडलेली आहेत. इतिहासात इतक्या सामान्य माणसांना इतकी वर्षे यापूर्वी कधी मिळालेली नव्हती. ती कशी घालवावी याचा पाठ घालून देणारे आपल्यामागे थोडेच आहेत, म्हणून तर कर्वे आणि सातवळेकर धुंडाळावे लागतात.

१८ एप्रिल १९५८ रोजी अण्णांना शंभर वर्षे पुरी झाली. त्या वर्षी भारतरत्न मिळाले, त्यांच्या चित्राचे टपालाचे तिकीट निघाले, मुंबईस पंडित नेहरूंच्या उपस्थितीत मोठा समारंभ झाला. तो सर्व गौरव योग्यच होता. पुरजळच्या केशवरावांच्या वाट्याला असा दिवस आला नाही. त्यांना जाऊन आठ वर्षे झाल्यावर, १९४० साली, हैदराबादेत नारायणगुड्यास त्यांच्या नावाने एक शाळा निघाली, केशव स्मारक. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार हे तिच्या संस्थापकांत होते. हैदराबादेस आपली पुष्कळ मंडळी दवाखान्याच्या, नोकरीच्या निमित्ताने जातात. त्यांनी एकदा सवड काढून तिकडे जावे. शाळा अजून चालू आहे, आणि सकाळी घंटा झाली की मुले धावत जिना चढतात.